बळदातली ऊब

सांगूनच टाकते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका पोरीची ऊब मी एकदा रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी केली आणि तिला चुना मारला. वर गेरूचा पट्टाही ओढला, शोभेला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. अंगावर कडक इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर नवं घड्याळ, ट्रंकेत नांदेडच्या ट्रेनिंगचा दाखला, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल मनात तिळाएवढी शंका नाही. आता घड्याळ नातवाकडं गेलंय. शंका मात्र माझ्याकडं पोत्यानं आहेत.

हे आठवायला कारण झाली माझी नात. ती परवा मोबाइलमधून वाचून सांगत होती, की कुठल्याशा थंड मुलखात उन्हाळ्यातली जास्तीची उष्णता वाळूच्या मोठ्या टाकीत साठवून ठेवतात आणि हिवाळ्यात तिच्यावर घरं गरम करतात. "आजी, काय डोकं लावलंय ना!" मी म्हटलं, लावलंय खरं. पण आमच्या गयाबाईनं हे औशाकडच्या एका खेड्यात करून दाखवलं होतं, आणि तिची टाकी म्हणजे ज्वारीचं रिकामं बळद होतं. "कोण गयाबाई?" नात म्हणाली. घ्या. म्हणजे गयाबाईचं नाव मी या घरात कधी काढलंच नव्हतं. का काढलं नव्हतं, तेही यात येईलच.

गयाबाई आमच्या दवाखान्यात आया होती. दवाखाना कसला, एका आडत व्यापाऱ्याचं धान्याचं जुनं कोठार सरकारनं भाड्यानं घेतलेलं. पुढं पडवी, मधे औषधांची खोली, मागं बाळंतिणींची खोली. डॉक्टर तालुक्याहून आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मी नर्स आणि ती आया, एवढाच दवाखाना. ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. बुटकी, सावळी, पंजे पुरुषासारखे रुंद. त्या पंजांची गंमत अशी, की भर थंडीतही ते गरम असायचे. माझे हात पाण्यातून काढलेल्या मिरचीसारखे गार. बायका पोट तपासायला आल्या की मला बघून आधीच अंग चोरायच्या आणि म्हणायच्या, "सिस्टर, तुम्ही लिहून घ्या, हात गयाबाई लावंल." काही बायका असं म्हणायच्या. काही बायका बरोबर उलटं म्हणायच्या. गयाबाई बौद्ध होती आणि गाव लहान होतं, एवढं सांगितलं की पुढचं कळावं.

त्या दुसऱ्या बायकांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. गयाबाई चहा प्यायची तो कप दवाखान्याच्या दक्षिणेच्या खिडकीत पालथा असायचा. कान तुटलेला, निळ्या रेघेचा. तो तिथं का, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. ठेवला मीच होता. माझ्या घरची रीत, असं मी स्वतःला सांगायची. घर माझं नांदेडला, आणि कप इथं. रीत मात्र एसटीतून माझ्याबरोबर आली होती, बिनतिकिटाची. वर मी तिला "ए गया, हे कर, ते कर" म्हणायची आणि ती मला "बाई, तुमी बसा."

गयाबाईला एका गोष्टीचा राग होता. गरम गोष्ट फुकट गार होऊ देणं. अन्न टाकलेलं बघून दुसऱ्याला जसं होतं, तसं तिला वाफ वाया गेलेली बघून व्हायचं. त्या काळी काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया स्टोव्हवर उकळायला लागायच्या. उकळून झालं की मी पाणी मोरीत ओतायची. पहिल्याच आठवड्यात तिनं माझा हात धरला.

"बाई, काऊन सांडून राहिल्या?"

"अगं, झालं ना त्याचं काम."

"तुमचं झालं. त्याचं कुटं झालंय?"

मग ते पाणी सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, बूच लावून, फडक्यात गुंडाळून ती बाळंतिणींच्या पायाशी सरकवायची. देण्याआधी प्रत्येक बाटली स्वतःच्या गालाला लावून बघायची. चहाचं पातेलं उतरलं की चुलीवर लगेच दुसरं काहीतरी चढलेलं असायचं, काही नसलं तर रिकामं घमेलं, आणि त्यात चार दगड. एसटीत बसली तर ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या पेटीला पाठ लावून. म्हैस उठून गेली की तिच्या जागेवर कुत्रं जाऊन बसतं ना, ते दाखवून म्हणायची, "शिकलेलं हाय ते."

मी एकदा तालुक्याहून भिंतीवरचा थर्मामीटर मागवून घेतला आणि मोठ्या दिमाखात मागच्या खोलीत टांगला. तिनं लांबून पाहिला, जवळून पाहिला.

"हे काय सांगतंय?"

"खोलीत किती थंडी आहे ते."

"आन् घालवतंय का?"

"नाही, नुसतं सांगतं."

"मंग आमची सासूच हाय की हे," असं म्हणून ती झाडायला लागली. बाळ गार आहे की ऊबदार, हे ती त्याच्या पायाच्या तळव्याला हाताची मागची बाजू लावून ठरवायची. थर्मामीटरनं कधी तिला खोटं पाडलं नाही. मी बऱ्याचदा वाट बघत होते, पाडेल म्हणून.

आता बळद. मागच्या खोलीच्या चार हात रुंद भिंतीच्या पोटात धान्य साठवायची एक बंद जागा होती, माणूस वाकून आत शिरेल एवढी. कोठार रिकामं झाल्यावर तिच्यात उंदीर आणि अंधार. गयाबाईनं ते साफ केलं, बुडाला आणि बाहेरच्या बाजूला ढोपरभर भुसा दाबून भरला. खोलीकडच्या तोंडाला एक सरकती फळी बसवली. आणि मधल्या पोकळीत रोज संध्याकाळी विटा.

विटा यायच्या गावाबाहेरच्या भट्टीवरून. लातूर नवा जिल्हा झाला आणि कचेऱ्या, क्वार्टरं, कंपाउंडच्या भिंती यांना विटा पुरेनात. रस्त्याला लागून भट्ट्या उभ्या राहिल्या. भट्टी विझली तरी तिच्या पोटातली धग आठ-आठ दिवस जात नाही. ती धग कुणाच्याच कामाची नसते. मालक तर ती जायची वाट बघत बसतो, माल उचलता यावा म्हणून. गयाबाई तिथं कामाला जाणाऱ्या गावच्या बायकांना बोलली: संध्याकाळी घरी येताना एकेकीनं दोन-तीन गरम विटा गोणपाटात गुंडाळून आणायच्या, सकाळी जाताना गार झालेल्या परत न्यायच्या. त्या बायकांपैकी निम्म्यांची बाळंतपणं तिनंच केलेली. नाही कोण म्हणणार?

विटा बळदात रचल्या, वरून गोणपाट टाकलं, की ती फळी सरकवायची. एकदम नाही. दिवेलागणीला एक बोट फट, मग दोन बोटं, पहाटे, थंडी दात दाखवायला लागली की, चार. मी एकदा म्हटलं, "पूर्ण उघड ना, लवकर गरम होईल खोली."

"बाई, ऊब भाकरीवानी मोडायची असती. एकदम खाल्ली तर सकाळच्याला काय?"

खोली काही भट्टी व्हायची नाही. बाहेर दातखीळ बसत असली तरी आत नुसतं सुसह्य असायचं, म्हशीच्या गोठ्यासारखं. पण दीड-दोन किलोच्या पोराला तेवढंच लागतं. दवाखान्यात शेगडी ठेवायची सोय नव्हती, एका बंद खोलीत कोळशाच्या धुरानं काय होतं ते गयाबाईनं पाहिलेलं होतं. बळदात धूर नाही, राख नाही, विस्तव नाही. काही करायचं नाही. नुसतं मोडून खायचं.

हे तिला सुचलं कसं, ते मी एकदा विचारलं. ती मुखेडकडची. बहात्तरच्या दुष्काळात तिकडं खडी फोडायच्या कामावर होती, उघड्या माळावर पालात राहून. जाळायला काही नव्हतं. जनावरं गेली तर शेणी कुठून येणार, आणि धसकटंसुद्धा लोकांनी वेचून नेलेली. दिवसभर उन्हात बसून दगड फोडायचा आणि रात्री त्याच माळावर कुडकुडायचं.

"एक दिस सांजच्याला ढिगात हात घातला," ती म्हणाली, "वरची खडी गार, आन् आतली ऊन! मी म्हनलं, आगं, हे तर ऊन धरून बसलंय."

दुसऱ्या दिवसापासून ती सूर्य बुडायच्या आत दोन घमेली खडी पालात न्यायची, खड्ड्यात ओतून वर पाचोळा, गोणपाट आणि त्यावर पोराचं अंथरूण. मुकादमाला वाटलं, बाई खडी चोरते. तो पाळतीवर राहिला. सकाळी बघतो तर तीच खडी डोक्यावर घेऊन बाई परत येऊन ढिगात टाकते. मग त्याला वाटलं, येडी आहे. "चोरापरीस येडी बरी," गयाबाई म्हणाली, "येडीची हाजरी कापत न्हाईत."

मी हसले. ती पण हसली. आणि सुपात तांदूळ पाखडावेत तशा आवाजात पुढं म्हणाली, "हे दुसऱ्या पोराच्या टायमाला. पयलं गेलं आदल्या थंडीत. तवा ही अक्कल न्हवती."

ती उठली आणि फळी एक बोट सरकवून आली.

आता माझ्या अकलेकडे येते.

जिल्हा नवा झाला त्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या फलकावरचं उस्मानाबाद खरवडून त्यावर लातूर रंगवलं होतं, पण रंग पातळ, म्हणून ऊन पडलं की दोन्ही जिल्हे दिसायचे. मागच्या खोलीत तेव्हा एकच बाळंतीण होती. गावातल्या मातब्बर घरची सून, सातव्या महिन्यात मोकळी झालेली. पोरगी एवढीशी, की भाकरीच्या टोपल्यात मावावी. आज पाचवा दिवस. बरोबर सासू, काशीबाई. काशीबाई सुनेच्या खाटेपाशी ठाण मांडून असायची, आणि गयाबाई खोलीत आली की पोरीवर पदर धरायची. गयाबाई विटा रचायची, फळी सरकवायची, तळव्याचं काय ते मला विचारायची आणि बाहेर जायची. पोरीला तिनं पाच दिवसांत एकदाही हात लावलेला नव्हता.

तिला दोन दिवस मुखेडला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. जाताना म्हणाली, "बाई, बायका इटा आनतील. तुमी निस्त्या रचा आन् फळी बगा. बळदाला दुसरं काई करू नका." मी म्हटलं, "बरं गं, एवढं काय त्यात!"

ती गेली आणि दुपारी तालुक्याचा शिपाई सायकलवरून निरोप घेऊन आला. नव्या जिल्ह्याचे साहेब उद्या बारा वाजता भेट देणार. परिसर स्वच्छ असावा.

मला काय चढलं म्हणता! मी पडवी धुतली, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या, फलकावरचा धुरळा पुसला. फाटकापासून पायरीपर्यंतची वाट मात्र उघडीबोडकी दिसत होती. सरकारी वाट कशी असते? दोन्ही बाजूंनी तिरक्या विटा, चुना, गेरू. आमच्या ट्रेनिंग सेंटरला होती तशी. आणि विटा तर माझ्या बळदात चाळीस पडलेल्या! सकाळी बायका गार झालेल्या विटा न्यायला आल्या, तर मी म्हटलं, "राहू द्या, आज नका नेऊ, नि संध्याकाळी आणूही नका. उद्यापासून बघू." शेजारच्या गड्याला लावून सगळ्या विटा वाटेच्या कडेनं तिरक्या पुरल्या. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण बळदातला भुसा दिसला. साहेबांनी फळी सरकवून बघितली तर म्हणतील, दवाखान्यात कचरा! तो सगळा उपसून अंगणात पेटवला. वा, काय ढणाढणा पेटला! आणि चुना उरला होता तो बळदाला आतून दोन हात मारला. पांढरं शुभ्र झालं. मी लांबून मान तिरकी करून बघितलं सुद्धा.

साहेब साडेबाराला आले. दहा मिनिटं होते. मागच्या खोलीत गेलेच नाहीत. जाताना वाटेत थांबून म्हणाले, "व्वा सिस्टर, बॉर्डर फार छान केलीत."

दुपारभर मी त्या वाक्यावर तरंगत होते. दुपारी खोली बरी होती, ऊन होतं बाहेर. चार वाजता वारं सुटलं. पाचला पोरीचे ओठ मला जरा वेगळे वाटले. थर्मामीटर बघितला. तो सांगत होता, घालवत नव्हता. सलाइनच्या बाटल्या भरल्या, पण त्या पायाशी ठेवायच्या, अख्खी खोली त्यांच्यानं काय तापते! लातूरची शेवटची एसटी केव्हाच गेली होती. डॉक्टरांचा वार परवाचा होता.

दिवे लागायच्या सुमाराला गयाबाई फाटकातून आली, हातात लग्नाच्या बुंदीची पुडी. वाटेवरच थांबली. एका विटेवर वाकली, बोट लावलं, चुना बोटावर आला तो लुगड्याला पुसला. माझ्याकडं बघितलं. मग सरळ मागच्या खोलीत. फळी सरकवली, बळदात हात घातला.

"वलं हाय," ती म्हणाली. "भुसा?"

"जाळला."

"बरं." एवढंच. मी म्हटलं, भट्टीवरच्या बायकांना बोलवू, आत्ता विटा आणू. तिनं मान हलवली. "वल्या बळदात कितीबी टाका, ते आधी आपला चुना वाळवत बसंल. पोरीपाशी काय येत न्हाई." मग ती खाटेपाशी गेली. काशीबाईनं पदर धरला.

"मावशी, पोरीला आंगाशी घ्यावं लागंल. कातड्याला कातडं. आईला ताप हाय, तिच्याच्यानं व्हनार न्हाई."

"मी घेते," काशीबाई म्हणाली. "तू लांब राहा."

"घ्या की. लवकर घ्या."

काशीबाईनं पोरीला चोळीआड घेतलं. म्हातारी सत्तरीची, हाडांचा सापळा, स्वतःच थरथरत होती. आम्ही तिघी बघत बसलो. मी घड्याळात, गयाबाई पोरीच्या तळव्याकडं, आई माझ्या तोंडाकडं. जरा वेळानं पोरगी रडायची थांबली. काशीबाईला वाटलं, झोपली. गयाबाईला आणि मला माहीत होतं, झोपली नव्हती.

तेव्हा बोलायचं माझं काम होतं. नर्स मी होते. आणि माझ्या डोळ्यांपुढं खिडकीतला तो कप आला, शपथ सांगते. मी कोणत्या तोंडानं काशीबाईला सांगणार होते, की हिच्या हातात द्या? तोंड उघडलं ते बाळंतिणीनं. पाच दिवस सासूसमोर शब्द न काढलेली पोर, ती म्हणाली, "आत्याबाई, माझी लेक हाय. गयाबाईला द्या."

काशीबाईनं पोरगी पुढं केली. हातात दिली नाही, खाटेवर ठेवली. तिथून गयाबाईनं उचलली, चोळीच्या आत छातीशी लावली, वरून लुगडं, वरून माझी शाल. आणि उभी राहिली. "ऊब हितं येत न्हाई, तर आपन तिकडं जाऊ."

शेजारच्याची बैलगाडी जुंपली. आई, काशीबाई गाडीत कडब्यावर, गयाबाई मधे, मी मागून चालत. भट्टीवर राखणदार जोडपं झोपडीत राहायचं. चार दिवसांपूर्वी विझलेली भट्टी. गयाबाईनं आधी भोवती फिरून नाक लावून बघितलं, कुठं धूर येतो का. मग वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडली, ताडपत्री लावून घेतली आणि भट्टीच्या भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसली. ती भिंत तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी ऊन होती. हळूहळू आम्ही सगळ्या तिला पाठ लावून बसलो, एका ओळीत, माझ्या बॉर्डरसारख्या.

पहाटे पोरगी कोकलली. चांगली खणखणीत. गयाबाईनं तिला आईच्या छातीला लावली आणि पहिल्यांदा पाय लांब केले. राखणदाराच्या बायकोनं चहा केला. तिच्याकडं एकच जर्मनचा गिलास. आधी आईनं घेतला, मग काशीबाईनं, मग गयाबाईनं, मग त्याच गिलासात मी. कुणी विसळला नाही. पाणी लांब होतं.

उजाडल्यावर काशीबाईला रीत आठवली. म्हणाली, पोरीवर पाणी शिंपडून घेते.

"मावशी, पानी नको, गार लागंल," गयाबाई म्हणाली. "उनात धरा घडीभर. ऊनबी सगळं शुद्धच करतं." आणि काशीबाईनं खरंच पोरीला उन्हात धरलं. पोरगी जगली. चांगली धिप्पाड झाली, उदगीरला दिली.

त्या दिवशी आम्ही दोघींनी विटा उपटल्या, धुतल्या. गेरू निघाला, चुना निघेना. नवा भुसा आणला, बळद दोन दिवस उघडं टाकून वाळवलं, तोवर आई आणि पोरगी भट्टीवरच राहिल्या. गयाबाईनं मला बोल लावला नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तो कप खिडकीतून आत आला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. आला नाही. गिलास भट्टीवरचा होता, कप दवाखान्यातला, अशी काहीतरी वाटणी मी मनात करून टाकली. दोन वर्षांनी माझी अर्धापूरकडं बदली झाली. मी सामान बांधलं तेव्हा तो खिडकीतच होता. नातीपाशी गयाबाईचं नाव का निघालं नव्हतं, ते हे.

मधे एकदा भेटली, किल्लारीच्या भूकंपानंतर. पत्र्याच्या शेडमधे लोक राहत होते, थंडी पडली होती, आणि बाळंतिणींसाठी आम्हा जुन्या नर्सांना तिकडं नेमलं होतं. गयाबाई आधीच आलेली. तिनं सवयीनं काळे दगड उन्हात मांडले होते, पण एकीही बाई ते आत घेऊ देईना. दगडांनीच घरातली माणसं दाबली होती. दगड दारात नको म्हणाल्या. गयाबाईनं वाद घातला नाही. सगळे दगड लांब नेऊन टाकले आणि पत्र्यावर वाळू पसरून तापवायला लागली. संध्याकाळी वाळूच्या पुरचुंड्या. "बरोबर हाय त्येंचं," एवढंच मला म्हणाली.

शेवटची भेट लातूरला. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा मुलगा, तो खडीवर निजलेला, सरकारी नोकरीत होता, त्यानं स्लॅबचं घर बांधलेलं. सून मला जिन्यानं वर घेऊन गेली. जानेवारीची दुपार. गच्चीवर गयाबाई खाटेवर पाय लांब करून बसली होती, डोळ्यांना दिसणं कमी झालेलं. कठड्यावर एक वीट उन्हात ठेवलेली. गुडघ्यांना रात्री लागते, सून म्हणाली, दुसरी चालत नाही. विटेच्या एका कडेला चुना होता. माझा चुना.

"गयाबाई, कशा आहात तुम्ही?" मी म्हटलं.

तिनं मान वळवून माझ्या मागं बघितलं. "कोन आलंय अजून?"

"मीच आहे. तुम्हालाच म्हणते."

"आगं बाई! म्हातारी झाल्या तुमी," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. पंजा तसाच ऊन.

चहा आला, दोन सारखे कप. आम्ही प्यायलो. मी विटेकडं बघून म्हटलं, त्या दिवशी मी फार मूर्खपणा केला. तिनं हात झटकला. "ते व्हय! पोरगी जगली की." विषय संपला. मग मला राहवेना. इतक्या वर्षांचं होतं. मी म्हटलं, "गयाबाई, तुमचा कप मी खिडकीत वेगळा ठेवायची. त्याचं मला..."

तिनं कठड्यावरची वीट चाचपून दुसऱ्या कुशीवर केली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"त्या खिडकीत दिसभर ऊन यायचं, बाई. माजा कप तापून बसलेला असायचा. चा लौकर गार व्हायचा तो तुमचा."